मैदान, आखाडा, रिंगण : जागा एक, अर्थ अनेक

आंतर-हाउस स्पर्धा संपल्या की अंकासाठी वृत्तान्त येऊ लागतात आणि त्यांत काही वाक्ये दरवर्षी हमखास भेटतात. ‘पावसामुळे मैदान चिखलाने भरले होते.’ ‘शेवटच्या मिनिटाला गोल झाला आणि सारे मैदान उठून उभे राहिले.’ ‘अखेर आमच्या हाउसने मैदान मारले.’ ‘प्रतिस्पर्धी संघाने मैदान सोडले.’ चारही वाक्यांत शब्द एकच आहे, पण तो चार वेगळी कामे करतो आहे. आजच्या पाठात हा शब्द आणि त्याची भावंडे, म्हणजे आखाडा, फड, रिंगण आणि रणांगण, जरा जवळून पाहू.

व्याकरणाच्या तासाला आपण शब्दशक्ती शिकतो. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशी तिची तीन नावे तोंडपाठ असतात, उदाहरण मात्र पुस्तकातलेच आठवते. मैदानावरच ती तिन्ही भेटतात. चिखलाने भरले ते खरेखुरे मैदान, म्हणजे माती, गवत आणि पाणी. ही अभिधा. उठून उभे राहिले ते मैदान नाही, कारण मैदानाला पाय नसतात. उभे राहिले ते प्रेक्षक. शब्दाचा सरळ अर्थ जुळेना, म्हणून आपण त्याला चिकटलेला दुसरा अर्थ घेतला. ही लक्षणा. आता समजा, दोन खोडकर मुले वसतिगृहाच्या जिन्यात दबा धरून बसली आहेत आणि एक दुसऱ्याला कुजबुजत सांगतो, ‘मैदान मोकळे आहे.’ त्याला एवढेच सांगायचे आहे की हाउसमास्तर सर जेवायला गेले. तो अर्थ वाक्यात कुठेच लिहिलेला नाही, प्रसंगातून कळतो. ही व्यंजना. (ही मुले काल्पनिक आहेत, हाउसमास्तरांनी चौकशी करू नये.)

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या कॅडेटांसाठी एक सूचना इथेच सांगून टाकतो. हिंदीत मैदान पुल्लिंगी आहे, मराठीत नपुंसकलिंगी. म्हणून ‘मैदान मारला’ किंवा ‘मोठा मैदान’ असे लिहू नका. ‘मैदान मारले’, ‘मोठे मैदान’ असे लिहा. रिंगण आणि रणांगण हेही नपुंसकलिंगी. आखाडा आणि फड पुल्लिंगी. हिंदीत ‘अखाड़ा’ असतो, मराठीत पहिले अक्षर सहसा लांबते : ‘आखाडा’. आणि गावाकडे जो ‘आखाड तळतात’ त्याचा कुस्तीशी काही संबंध नाही. तो आषाढ महिना.

मैदान हा शब्द मराठीत फारसीतून आला. मोकळी, सपाट, विस्तीर्ण जागा हा त्याचा मूळ अर्थ. इराणमधल्या इस्फहान शहरात एक प्रचंड मैदान आहे. तिथे पूर्वी घोड्यांवरून पोलो खेळत, आणि त्या खेळाचे दगडी गोलखांब अजून उभे आहेत. म्हणजे खेळाशी या शब्दाचे नाते जुने आहे. पण त्याहून घट्ट नाते सैन्याशी. मराठी बखरी आणि इतिहासाची पुस्तके वाचताना ‘मैदानी लढाई’ आणि ‘मैदानी तोफा’ हे शब्द येतात. मैदानी लढाई म्हणजे दोन्ही फौजांनी समोरासमोर उभे राहून दिलेली लढाई. मैदानी तोफ म्हणजे किल्ल्याच्या बुरुजावर कायम बसवलेली नव्हे, तर फौजेबरोबर ओढून नेता येणारी तोफ. आपले वडील ‘फील्ड रेजिमेंट’मध्ये असतील, तर त्या ‘फील्ड’ला जुन्या मराठीत मैदानच म्हटले असते.

आपल्या देशातली दोन नामांकित मैदाने तर लष्करी गरजेतूनच जन्मली, आणि हे आपल्या शाळेतल्या मुलांना ठाऊक असायला हवे. पहिले कोलकात्याचे. १७५७ मध्ये प्लासीची लढाई झाली, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांच्या कंपनीने हुगळीकाठी नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला. किल्ल्याच्या तोफांना समोर अडथळा नको होता. शत्रू झाडांआडून किंवा घरांआडून चालून आला तर मारा करणार कसा? म्हणून गोविंदपूर गावातली वस्ती हलवली, झाडी तोडली आणि किल्ल्याभोवती मोठी जागा मोकळी ठेवली. तेच आजचे मैदान. बंगालीत त्याला ‘गडेर माठ’ म्हणतात, म्हणजे गडाचे शेत किंवा गडाचा माळ. नावातच इतिहास आहे. ती जमीन आजही लष्कराच्या ताब्यात आहे. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहामेडन स्पोर्टिंग या क्लबांची मैदाने तिथेच आहेत, आणि उत्तरेच्या टोकाला ईडन गार्डन्स. तोफगोळ्यांसाठी मोकळी केलेली जागा फुटबॉलची राजधानी झाली. इतकी, की बंगालमध्ये ‘मैदान’ म्हटले की लोकांना ती जमीन आठवते तसेच फुटबॉलचे सारे जग आठवते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. तिथेही कोटाच्या भिंतीबाहेर अशीच मोकळी पट्टी राखली होती. तिला एस्प्लनेड म्हणत. १८६० च्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या आणि शहर बाहेर सांडले. तरी त्या पट्टीचे काही तुकडे मोकळे राहिले. ओव्हल, क्रॉस, कूपरेज आणि आझाद मैदान हे ते तुकडे. आझाद मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. मोर्चे आणि धरणेही त्याच मैदानावर येऊन थांबतात. म्हणून मुंबईत ‘मैदानावर जातो’ असे म्हणणारा मुलगा बॅट घेऊन निघालेला असू शकतो, आणि त्याचे काका मागण्यांचा फलक घेऊन. दोघांचे वाक्य एकच. गवालिया टँकच्या मैदानाचे तर नावच बदलले : ८ ऑगस्ट १९४२ रोजी तिथे ‘छोडो भारत’ ठराव झाला आणि ते ऑगस्ट क्रांती मैदान झाले.

शब्द जागेवरून घडणाऱ्या गोष्टीवर कसा सरकतो ते पाहायचे असेल तर सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या गावात जावे. तिथे यात्रेच्या वेळी भिंतीवर पत्रक लागते : ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’. ‘यंदा मैदान चांगले झाले’ असे कोणी म्हणाला, तर त्याला गवत चांगले उगवले असे म्हणायचे नसते. त्या दिवसाच्या कुस्त्या चांगल्या झाल्या, जोडी तोलामोलाच्या लागल्या, निकाली झाल्या, असे तो सांगतो. इथे मैदान हे जागेचे नाव उरलेच नाही, ते सोहळ्याचे नाव झाले. ग्रीकांच्या ‘स्टेडियम’चा प्रवासही असाच. मुळात ते लांबी मोजण्याचे माप. ऑलिंपियात ते सुमारे १९२ मीटर भरते. मग तेवढ्या अंतराच्या शर्यतीला तेच नाव पडले, आणि शेवटी शर्यत जिथे होई त्या जागेला. मापाची शर्यत झाली, शर्यतीची जागा झाली. आपल्याकडे जागेचा सोहळा झाला. दिशा उलटी, वाट तीच.

आता त्या चौथ्या वाक्याकडे येऊ : ‘प्रतिस्पर्धी संघाने मैदान सोडले.’ हे वाक्य लिहिणाऱ्याला सांगायचे होते की सामना संपला आणि संघ बाहेर गेला. वाचणाऱ्याला मात्र वाटते, ते घाबरून पळाले. ‘मैदान सोडणे’ हा मराठीत वाक्प्रचार झाला आहे. त्याचा सरळ अर्थ जवळजवळ पुसला गेला आहे. म्हणून खेळाडू खरोखरच चालत बाहेर गेले असतील, तर ‘मैदानाबाहेर आले’ असे लिहावे. शेवटपर्यंत झुंजलेल्या पाहुण्या संघाबद्दल आपल्या अंकात नकळत ‘मैदान सोडले’ छापले गेले, तर त्यांच्या शाळेत ते वाचले जाईल. तिथे ते कसे लागेल, याचा विचार लिहिणाऱ्याने करायचा.

याच ठिकाणी सैनिकी शाळेतल्या मुलाने इतरांपेक्षा जास्त काटेकोर असायला हवे, असे माझे मत आहे. मराठीत मागे येण्याला पुष्कळ शब्द आहेत. त्यांची चढण-उतरण नीट पाहा. माघार घेणे, काढता पाय घेणे, कच खाणे, मैदान सोडणे, पाठ दाखवणे, पळ काढणे, शेपूट घालणे. वर्तमानपत्रांत हे सगळे एकमेकांच्या जागी वापरतात. पण ‘माघार’ या शब्दात स्वतःची अशी कुठलीही लाज नाही. माघार हुकमाने घेतली जाते, रांगेने घेतली जाते, मागच्या तुकडीच्या संरक्षणाखाली घेतली जाते, आणि बहुतेकदा पुन्हा चालून येण्यासाठी घेतली जाते. २६ मे ते ४ जून १९४० या दिवसांत डंकर्कच्या किनाऱ्यावरून तीन लाख अडतीस हजारांहून अधिक सैनिक समुद्रमार्गे बाहेर काढले. ती माघार होती. तिला ‘पळ काढला’ म्हणणारा माणूस एक तर शत्रुपक्षाचा असेल, नाहीतर त्याला मराठी कच्चे येत असेल.

आपल्या इतिहासात याहून चांगले उदाहरण आहे. १७२७-२८ च्या मोहिमेत निजामाच्या फौजेकडे भारी तोफखाना होता. पहिल्या बाजीरावाने त्याच्याशी समोरासमोर मैदानी लढाई देण्याचे टाळले. तो वेगाने फिरत राहिला, कधी जालन्याकडे, कधी बुऱ्हाणपूरच्या रोखाने, कधी गुजरातेत. निजाम पुण्याच्या मुलखात उतरला तरी बाजीराव त्याला थेट भिडायला आला नाही. त्याने निजामाच्याच मुलखाला धोका निर्माण केला आणि निजामाला आपल्यामागे धावायला लावले. धावताना जड तोफा मागे पडल्या. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पालखेडजवळ, जिथे पाणी मिळणे कठीण होते अशा जागी, निजामाची फौज वेढली गेली, आणि ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला.

आता सांगा, बाजीरावाने ‘मैदान सोडले’ का? शब्दशः पाहिले तर महिनोन्महिने सोडले. लाक्षणिक अर्थाने एकदाही नाही. आणि शेवटी त्याने ‘मैदान मारले’ असे आपण म्हणतो, तेव्हा पालखेडला मोठी मैदानी लढाई झालीच नव्हती! वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ एवढे विरुद्ध दिशांना गेलेले मला दुसरीकडे सापडले नाहीत. मोहिमेचा सारा डाव एकाच गोष्टीवर होता : मैदान कुठले, हे कोण ठरवणार?

त्याउलट १४ जानेवारी १७६१. पानिपतला मोकळ्या मैदानात समोरासमोर झुंज झाली. मराठीत त्या गावाचे नाव कायमचे सामान्यनाम होऊन बसले. ‘परीक्षेत पानिपत झाले’, ‘संघाचे पानिपत झाले’ असे आपण सहज म्हणतो. पानिपत हे हरियाणातले चांगले नांदते शहर आहे. तिथला एखादा मुलगा आपल्या वर्गात असला, तर त्याला हा वाक्प्रचार समजावून सांगताना जरा अडखळायला होईल, आणि ते अडखळणे बरेच आहे. वाक्प्रचार हजारो घरांतल्या रडण्यातून आला आहे. हॉकीत आठ गोल खाल्ले म्हणून तो वापरायचा का, हे प्रत्येकाने ठरवावे. मी वृत्तान्तात तो आला की ‘मोठा पराभव झाला’ असे करतो. मुले नाराज होतात.

आता कुस्तीकडे वळू. आखाडा हा शब्द संस्कृत ‘अक्षवाट’पासून प्राकृतमार्गे आला. अक्ष म्हणजे फासे, वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा. जुगाराच्या पटाची जागा आणि मल्लांची जागा, दोन्हींना तो शब्द संस्कृतात वापरत. कुंभमेळ्यातल्या साधूंच्या संघटनांनाही आखाडे म्हणतात, आणि त्यांतल्या अनेकांची परंपरा शस्त्रे बाळगण्याची आहे. महाराष्ट्रात रोजच्या मेहनतीच्या जागेला जास्त करून ‘तालीम’ म्हणतात. हा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. आपण ‘कवायत’ म्हणतो तोही अरबीच, मूळ अर्थ नियम. शरीर कमावण्याच्या जागेला शिक्षण म्हणणारी आणि पावलांच्या सरावाला नियम म्हणणारी भाषा आपण बोलतो, हे सकाळी साडेपाचला पीटीच्या वेळी आठवले तर आठवावे.

तालमीच्या मधोमध तांबड्या मातीचा हौदा असतो. माती नुसती खणून टाकलेली नसते. तिच्यात तेल, ताक, हळद वगैरे मिसळून ती मऊ आणि निरोगी राखतात. हौद्यात पाय ठेवण्याआधी पैलवान वाकून मातीला हात लावतो आणि तो कपाळाला नेतो. कोनाड्यात मारुती असतो. चपला बाहेर. वस्तादाच्या शब्दापुढे शब्द नाही. आणि आपण वर्तमानपत्रात काय वाचतो? ‘सभागृहाचा आखाडा झाला.’ म्हणजे माइक फेकले, कागद फाडले, धक्काबुक्की केली. ज्या जागेत सगळ्यांत जास्त शिस्त, तिचे नाव सगळ्यांत जास्त बेशिस्तीला! एखाद्या वस्तादाला हे वाक्य दाखवले तर तो म्हणेल, आमच्याकडे असले वागणाऱ्याला हौद्यात पाय ठेवू देत नाही. वाक्प्रचार बदलणे आपल्या हाती नाही, तो रुळला आहे. पण तो लिहिताना आपण नेमकी कोणाची बदनामी करतो, हे तरी माहीत असावे. ‘निवडणुकीच्या आखाड्यात उतरले’ हा वापर मला त्यामानाने चालतो. तिथे निदान लढत आहे, पंच आहेत आणि निकाल आहे.

कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतले आणि ते १९१२ मध्ये पुरे झाले. महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. तिथे त्यांनी रोमचे पुरातन प्रेक्षागार पाहिले, आणि मधोमध हौदा व भोवती चढत जाणारी गोल बैठक ही कल्पना तिथून घेतली. इथे एक मजेचा योग जुळतो. इंग्रजीत अशा जागेला ‘अरिना’ म्हणतात. तो लॅटिन शब्द, मूळ अर्थ वाळू. रोमन लोक झुंजीच्या जागेवर वाळू पसरत, सांडलेले रक्त शोषून घेण्यासाठी. वाळूचे नाव जागेला पडले, आणि पुढे इंग्रजीत राजकारण, व्यापार, वादविवाद अशा कुठल्याही झुंजीच्या क्षेत्राला. त्यांच्या शब्दाखाली वाळू, आमच्या हौद्यात माती. ‘पाठीला माती लागली’ म्हणजे हरला, हे मराठीत सांगावे लागत नाही. मात्र वाळू रक्तासाठी होती आणि माती पडणाऱ्याला लागू नये म्हणून असते, हा फरक मला मोठा वाटतो.

त्या मातीतून आलेले शब्द राजकारणाच्या आणि खेळाच्या बातम्यांत रोज दिसतात. शड्डू ठोकणे : मांडीवर किंवा दंडावर थाप मारून आव्हान देणे. दंड थोपटणे हेही तेच. अस्मान दाखवणे : पाठीवर पाडलेल्या पैलवानाला वर आभाळच दिसते, म्हणून. चितपट, डावपेच, धोबीपछाड, आणि दोघांनी आधीच ठरवून खेळलेली ती नुरा कुस्ती. हे शब्द जिवंत आहेत, कारण डोळ्यांपुढे चित्र उभे करतात. चित्र उभे राहिले की दुसरे चित्र त्यात घुसवू नये. ‘उमेदवाराने शड्डू ठोकून पहिल्याच षटकात विरोधकांवर गोल केला’ असे वाक्य वाचले की डोळ्यांपुढे लंगोट घातलेला, हातात बॅट आणि पायाशी फुटबॉल असलेला गृहस्थ येतो. हसू येते, मुद्दा हरवतो. एका वाक्यात एकच खेळ, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे वृत्तान्त सुधारतील.

कुस्तीच्या मातीतल्या सगळ्यांत मोठ्या यशाचे नाव खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते खेळले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते मातीत घडले आणि गादीवर जिंकले. मातीत पाय रोवता येतो, गादीवर सगळे वेगाने घडते. म्हणून ‘मातीतला माणूस’ हा शब्दप्रयोग त्यांच्या बाबतीत वाच्यार्थानेही खरा ठरतो आणि लक्ष्यार्थानेही. असे भाग्य थोड्याच वाक्प्रचारांना लाभते.

‘फड’ या शब्दावर थोडेच लिहितो. कुस्तीचा फड, तमाशाचा फड आणि ऊसतोडीचाही फड. जिथे माणसे जमून काही रंगते किंवा घाम गळतो, तो फड. ‘गप्पांचा फड रंगला’ हा लाक्षणिक वापर सगळ्यांच्या ओळखीचा. मेसमध्ये तो रोज रंगतो.

रिंगणाची गोष्ट वेगळीच. निवडणूक आली की ‘रिंगणात पाच उमेदवार’, ‘तिघे रिंगणाबाहेर’ अशा बातम्या येतात. तिथे रिंगण म्हणजे चढाओढीची हद्द. पण आषाढीच्या वारीत ज्याने रिंगण पाहिले आहे, त्याला हा शब्द असा वापरलेला चमत्कारिक वाटेल. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण चांदोबाचा लिंब इथे होते, पुढे गोल रिंगणे होतात. वारकरी कडे करून उभे राहतात, मधून दोन घोडे धावतात, एकावर स्वार आणि दुसरा मोकळा. मोकळ्या घोड्यावर माउली बसलेली असते, अशी श्रद्धा. घोडे निघून गेले की लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. या रिंगणात कोणी कोणाला हरवायला आलेला नसतो. कोण पहिला, असा प्रश्नच नाही. पुणे-पंढरपूर वाटेवर शब्दाचा एक अर्थ, निवडणूक कार्यालयात दुसरा. दोन्ही मराठीच, आणि दोन्हींतला माणूस बऱ्याचदा एकच.

राहिला रणांगण. रण आणि अंगण. घरापुढच्या अंगणाचा शब्द लढाईच्या जागेला जोडला आहे, यावर कधी थांबून विचार करा. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ ची. तिच्यात लढाईचे एकही मैदान नाही. युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी एक बोट आहे, तिच्यावर चक्रधर हा मराठी तरुण आणि हेर्टा ही जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी आहे. महायुद्ध दारात उभे आहे आणि झुंज माणसांच्या मनात चालली आहे. शब्द लाक्षणिक वापरायचा तर असा. त्याची किंमत कमी झाली नाही, उलट वाढली.

आपल्या वृत्तान्तांत मात्र बास्केटबॉलचे कोर्ट रणांगण होते, प्रश्नमंजूषा रणांगण होते, आणि एकदा तर पाककृती स्पर्धाही झाली होती. इतर कुठल्या शाळेच्या अंकात हे वाचले असते तर मी हसून सोडून दिले असते. आपल्या शाळेत तसे सोडवत नाही. हा अंक सुटीत घरी जातो. काही घरांत तो वाचणारे बाबा नुकतेच सीमेवरून आलेले असतात, काही घरांत अजून आलेले नसतात, आणि एखाद्या घरात भिंतीवर हार घातलेला फोटो असतो. त्या घरातल्या आईने ‘रणांगणात आमच्या सेंटर फॉरवर्डने शत्रूची दाणादाण उडवली’ हे वाक्य कसे वाचावे? समोरचा संघ प्रतिस्पर्धी असतो, शत्रू नसतो. सामना संपल्यावर त्याच्याशी हात मिळवायचा असतो आणि बहुधा त्याच्याच शेजारी बसून जेवायचे असते. म्हणून या पानासाठी मी एक नियम केला आहे : खेळाच्या वृत्तान्तात मैदान चालेल, आखाडा कुस्तीपुरता चालेल, फड आणि रिंगण जपून चालेल. रणांगण हा शब्द खऱ्या रणांगणासाठी राखून ठेवायचा. काही सहकाऱ्यांना हे जरा कडक वाटते. मुलांच्या उत्साहाला लगाम का घालावा, असे ते विचारतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असेही नाही. उत्साह दाखवायला ‘मैदान गाजवले’ आहेच की.

आणखी एक गंमत पाहा. ‘क्रीडांगण’ हा शब्द शुद्ध आहे, सरकारी पाटीवर शोभतो, पण त्याचा एकही वाक्प्रचार झाला नाही. ‘क्रीडांगण मारले’ असे कोणी म्हणत नाही. ‘स्टेडियम’चेही मराठीत तेच. लोकांच्या तोंडात जो शब्द रुळतो, धुळीत लोळतो, त्यालाच दुसरा अर्थ फुटतो. पाटीवरचा शब्द पाटीवरच राहतो.

सरावासाठी काही वाक्ये देतो. प्रत्येकात अधोरेखित करण्याजोगा शब्द शोधा, तो वाच्यार्थाने आला आहे की लक्ष्यार्थाने ते लिहा, आणि वाक्य दुरुस्त करावेसे वाटले तर करा. ‘पाऊस थांबल्यावर पंचांनी मैदानाची पाहणी केली.’ ‘गणिताच्या पेपरात आमचे पानिपत झाले.’ ‘वादविवाद स्पर्धेत नववीच्या मुलींनी मैदान गाजवले.’ ‘जखमी कर्णधाराने मैदान सोडले.’ ‘डॉर्मिटरीचा आखाडा करू नका.’ ‘तुकडीने रात्रीतून माघार घेतली आणि पहाटे टेकडीमागून हल्ला चढवला.’ शेवटच्या वाक्यात ‘माघार घेतली’ऐवजी ‘मैदान सोडले’ घालून पाहा, आणि वाचताना त्या तुकडीच्या नायकाबद्दल तुमच्या मनात काय बदलते ते दोन ओळींत लिहून मराठीच्या तासाला घेऊन या.